चिथावणी आणि मुभा

युरोपात निर्वासितांच्या वसतिगृहावर हल्ला झाला की आपल्याकडच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: ‘इतके लोक आत घेतल्यावर दुसरं काय होणार?’ बोलणारा हिंसेचं समर्थन करत नसतो. आधी निषेध नोंदवून मगच तो हे म्हणतो. त्याच्या मते द्वेषाची भाषा हे नुसतं लक्षण आहे आणि खरा रोग संख्येचा आहे. संख्या आटोक्यात आणा, भाषा आपोआप निवळेल. हे म्हणणं समंजस वाटतं, म्हणूनच ते मला अधिक घातक वाटतं.

इतर मतांवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. शब्दाला शब्दानेच उत्तर द्यावं असं म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यायला हवी, की पेटलेल्या इमारतीत अडकलेल्या माणसाला व्यासपीठ नसतं. परक्याचा द्वेष हा मनुष्यस्वभावच असेल, तर तो त्याच गावात एका वर्षी भडकतो आणि दुसऱ्या वर्षी का भडकत नाही, याचा खुलासा कुणी करत नाही. नाझी प्रचारक श्ट्रायखरचं ज्यूद्वेषी वृत्तपत्र आणि रवांडातल्या नरसंहाराला चिथावणारा रेडिओ सर्वांना ठाऊक आहेत; पण ती उदाहरणं इतकी टोकाची, की त्यांच्या तुलनेत रोजची विषारी भाषा निरुपद्रवी भासू लागते. संख्येचा सिद्धान्त मात्र नीट तपासायला हवा, कारण सरकारं त्याच्या आधारे कायदे करतात.

१९९२ साली जर्मनीत आश्रयासाठी सुमारे ४,३८,००० अर्ज आले. रॉस्टॉक शहरातल्या लिश्टेनहागेन वसाहतीत, भिंतीवर सूर्यफुलं रंगवलेल्या एका अकरा मजली इमारतीत, अर्जदारांचं नोंदणी केंद्र होतं. ते अपुरं पडलं. आलेली कुटुंबं, त्यांत बहुतांश रुमानियातले रोमा, कित्येक आठवडे समोरच्या हिरवळीवर उघड्यावर राहिली. प्रशासनाने साध्या शौचालयांची सोय केली नाही आणि शेजारी घाणीबद्दल तक्रार करू लागले. तक्रार खरी होती. ती प्रशासनाच्या दारात न्यायची होती. तिचा रोख हिरवळीवरच्या माणसांकडे वळवला गेला. शनिवारी रात्री इथे ‘साफसफाई’ होणार, अशा निनावी धमक्या स्थानिक वृत्तपत्रांनी आधीच छापल्या होत्या.

२२ ऑगस्टच्या शनिवारी दगडफेक सुरू झाली. सोमवारी केंद्रातल्या आश्रयार्थींना बसमध्ये बसवून दुसरीकडे हलवलं. संख्येचा सिद्धान्त खरा असता तर प्रकरण इथेच शमायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याच संध्याकाळी हिंसेने कळस गाठला. जमाव इमारतीच्या दुसऱ्या भागावर चालून गेला. तिथे पूर्व जर्मनीच्या सरकारने पूर्वी कामासाठी बोलावून आणलेले व्हिएतनामी कामगार राहत होते. त्यांनी आश्रय मागितलाच नव्हता. पोलीस मागे हटले, खालचे मजले पेटले. आत शंभराहून अधिक व्हिएतनामी होते, मुलंही होती. कुलूपबंद दारं फोडत ते छतावर चढले आणि शेजारच्या भागातून निसटले. कुणाचा जीव गेला नाही, हे केवळ नशीब. खाली जमलेल्या सुमारे तीन हजार लोकांमधून टाळ्या पडत होत्या. जवळच्या टपरीवर बिअर आणि सॉसेज विकले जात होते.

या प्रसंगाचा विचार करताना आपली नजर दगड मारणाऱ्यांवर खिळते. मला ती टाळ्या वाजवणाऱ्यांवर आणि मागे हटलेल्या पोलिसांवर खिळवावीशी वाटते. चिथावणी दगड मारणाऱ्याला उद्देशून असते: ऊठ, मार. मुभा बघ्याला, शेजाऱ्याला, शिपायाला, अधिकाऱ्याला मिळते: ही माणसं आपल्या जबाबदारीत येत नाहीत, इथे तुझं कर्तव्य ढिलं पडलं तरी चालेल. कायदा चिथावणीच्या शोधात असतो. वक्त्यापासून दगडापर्यंतचा धागा सापडला नाही की वक्ता सुटतो. आधीच्याच वर्षी ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर माणसांनी खचाखच भरलेली नौका छापली होती. तिने कुणाच्या हातात दगड दिला, असं मी म्हणणार नाही. पण जिथे माणसांऐवजी केवळ गर्दी दिसते, तिथे वाचवण्याची निकड उरत नाही. हल्ले चालू असताना २४ ऑगस्टला संघीय गृहमंत्री रुडॉल्फ झायटर्स रॉस्टॉक प्रकरणावर पत्रकारांशी बोलले, तेव्हाही आश्रयाच्या हक्काचा गैरवापर थांबवण्याची भाषा होती. त्यात चिथावणी शोधून सापडणार नाही. मुभा मात्र आहे, आणि ती मंत्र्याच्या तोंडून आल्यामुळे तिचं वजन कैक पटींनी जास्त आहे.

संख्येचा सिद्धान्त पुढे अधिकृत धोरण झाला. २६ मे १९९३ रोजी जर्मन संसदेने घटनेतला आश्रयाचा हक्क मोठ्या बहुमताने आक्रसून टाकला. तीनच दिवसांनी झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर जाळलं गेलं. पाच मुली आणि स्त्रिया मेल्या, सर्वांत लहान मुलगी चार वर्षांची. हे कुटुंब जर्मनीत बऱ्याच वर्षांपासून राहत होतं. सीमेवर किती अर्ज आले याच्याशी त्याचा काय संबंध?

यावर कुणी म्हणेल की पुढे अर्ज घटले आणि हल्लेही ओसरले. हे मान्य करायला हवं. पण त्याच काळात मुभाही मागे घेतली जात होती. डिसेंबर १९९२ मध्ये म्युनिकच्या रस्त्यांवर लाखो लोक दिवे घेऊन उभे राहिले, नवनाझी संघटनांवर बंदी आली, जाळपोळ करणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. दोन कारणं एकत्र घडली असतील, तर त्यांना वेगळं करणारा काळ शोधावा लागतो. तो सापडतो. २००० पासून आश्रयाचे अर्ज एकंदरीत घटत असताना ‘एनएसयू’ या नवनाझी टोळीने स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ जणांचे खून केले, आणि पोलीस वर्षानुवर्षं मृतांच्या नातलगांवरच संशय घेत राहिले. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या साउथपोर्टमध्ये मुलींचे खून झाले, तेव्हा मारेकरी होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची अफवा पसरली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरीही काही दिवसांत रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलला आग लावली गेली. संख्या एखाद्या गावावर ताण आणते, तिथल्या शाळा-दवाखान्यांना अपुरं पाडते. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर सरकारकडे मागायला हवं. पण हल्ला कुणावर करायचा, हे संख्या ठरवत नाही.

म्हणूनच हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे. खासगी माणसाने खासगी माणसाला मारलं तर तो गुन्हा. राज्याने संरक्षण ढिलं केलं की हक्काचा भंग. वंशभेद निर्मूलनाच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे ओळखलं होतं. कोणत्याही व्यक्तीच्या वा गटाच्या हिंसेपासून संरक्षण देण्याचं बंधन तो राज्यावर घालतो, आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांनी वंशभेदाला उत्तेजन देता कामा नये, असं वेगळ्या कलमात बजावतो. सामान्य माणसाचा द्वेष आणि खुर्चीवरून व्यक्त झालेला द्वेष यांतला फरक तिथे आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, पण वंशभेद निर्मूलनाच्या करारावर आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ मध्ये हाच मुद्दा निकालात मांडला. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना राज्य सोडून जाण्याचा इशारा एका विद्यार्थी संघटनेने दिला होता. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण राज्याने केलंच पाहिजे आणि कोणत्याही गटाला अशा धमक्या देऊ देता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. किती चकमा राहू शकतात, हा प्रश्न त्या संरक्षणाच्या आड येऊ दिला नाही.

निर्वासितांविषयीचं भाषण तपासताना त्याने कुणाला पेटवलं एवढंच विचारून भागणार नाही. कुणाला कर्तव्यातून मोकळं केलं, हेही विचारायला हवं, आणि बोलणाऱ्याचं पद जितकं मोठं तितकं अधिक कठोरपणे. किती लोक आत घ्यावेत यावर लोकशाहीत वाद होऊ शकतो, व्हावाही. आत असलेल्या माणसाला वाचवावं की नाही, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. पहिल्या वादाच्या आडून जो दुसरा उकरून काढतो, त्याला समंजस म्हणणं आपण थांबवलं पाहिजे.