विमा असतोच की!

बोदवडचं रेल्वे फाटक बंद करून बाजूला उड्डाणपूल दिलेला आहे. तरी एका धुळवडीच्या पहाटे धान्याचा ट्रक तिथूनच रुळांवर घुसला आणि अमरावती एक्स्प्रेस त्याच्यावर आदळली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. ‘अंधार होता’, ‘रस्ता चुकला असेल’ हे ठरलेलं आहे, सोडून देऊ. माझं डोकं फिरलं ते चहाच्या टपरीवरच्या एका गृहस्थांमुळे. हेल्मेट कोपरात अडकवून ते म्हणाले, “जाऊ द्या हो, विमा असतोच की!”

असतो ना. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याची मर्यादा ठरवली होती ६,००० रुपये. एवढ्यात इंजिनाचा आरसाही यायचा नाही. प्रत्यक्षात मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांपर्यंत भरपाई मिळते. इंजिनाची दुरुस्ती, तुटलेली ओव्हरहेड वायर, मागे खोळंबलेल्या गाड्या, सगळं त्यात बसवून दाखवा. बरं, परक्याच्या नुकसानीच्या या ‘थर्ड पार्टी’ विम्याचा हप्ता ठरतो ट्रकच्या वजनावर. वर्षानुवर्षं सांभाळून चालवणारा आणि फाटकात घुसणारा, दोघांना एकच दर. म्हणजे ‘विमा आहे’ याचा खरा अर्थ ‘दुसरे भरतील’. निष्काळजीपणाचं भाडं आगाऊ भरलंय, आता हवं तसं वागू, असा हा हिशेब.

रेल्वेही धुतल्या तांदळाची नाही. केरळात १९७९ साली राखणदार नसलेल्या फाटकावर बस चिरडली, तेव्हा रेल्वेही जबाबदार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये सांगितलं. पण बंद फाटक तोडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६०खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिचा विमा कुठे मिळतो, ते टपरीवरच्या गृहस्थांना विचारायला हवं होतं. पण ते तोवर निघाले होते. हेल्मेट कोपरातच. वाटेत फाटक लागलंच, तर स्कूटर तिरकी करून, मान वाकवून दांड्याखालून जाणारे ते हेच.

गाडीत झोपलेल्या प्रवाशाने मात्र ऑनलाइन तिकिटाबरोबर ४५ पैसे मोजून स्वतःचा विमा स्वतःच काढायचा. फाटक फोडणाऱ्याचा हप्ता दुप्पट करा म्हणावं, तर तो भाडं वाढवणार आणि गहू महागणार. असो.