सोन्याचा ठसा

श्रावणात पन्हाळ्याच्या उतारावर, एका कुजक्या ओंडक्यावर मला ती दिसली. अळंबी! करंगळीच्या नखाएवढी, पण रंग अस्सल सोन्याचा. मोह आवरला नाही. रुमालात बांधून कोल्हापुरास आणली आणि वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांपुढे ऐटीत ठेवली.

"अशी मी इकडे पाहिली नाही," ते म्हणाले. छत्रीखाली पातळ पाती आहेत की नुसत्या घड्या, हे त्यांनी निरखले, वास घेतला, बीजुकांचा ठसा उमटावा म्हणून छत्री निळ्या कागदावर ठेवून वर पेला झाकला. रंगावरून अळंबीचे नाव सांगणे म्हणजे फेट्यावरून माणसाचे गोत्र सांगणे! मग त्यांनी विचारले, "ओंडका कोणत्या झाडाचा होता?"

मी गप्प.

आमची आजीही परडीतली अळंबी पाहून आधी हेच विचारी, "कुठं उगवली?" वारुळावरची म्हटले, तरच ती चुलीवर चढे. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते, हे तिला कुणी शिकविले नव्हते.

"तोडलीत त्याचे एवढे नाही," स्नेही म्हणाले. "हे नुसते फळ. खरा जीव लाकडात तंतूंनी पसरलेला असतो."

मला हायसे वाटले. पुढल्या श्रावणात गेलो, तर ओंडकाच नव्हता. उन्हाळ्यात वाळून कुणाच्या तरी चुलीत गेला असावा. त्या माउलीला दोष कसा द्यावा? तिची भाकरी माझ्या कुतूहलाहून खरी. पण नाव कळले असते, तर त्या ओंडक्यासाठी मी तरी कुणाचे दार ठोठावले असते का? खरे सांगायचे तर, नाही.

तो पांढरा ठसा माझ्या वहीत आहे. खाली नावाची जागा कोरी.