नाव विसरलेली आई

मुळशी तालुक्यात भूगाव-पिरंगुटच्या बाजूला आता ज्येष्ठांसाठी निवासस्थाने व शुश्रूषा केंद्रे झाली आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला अशा ठिकाणी ठेवले, तर आपण तिला टाकले असे होते का?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाची सारी जबाबदारी एकट्या सुनेवर टाकायची आणि त्याला 'घरीच सांभाळले' म्हणायचे, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. जाणत्या हातांची मदत घेणे म्हणजे टाकणे नव्हे. भेटायला न जाणे, हे टाकणे.

"ती कुठे आपल्याला ओळखते?" असे म्हणत आपण फेऱ्या कमी करतो. पण तिने आपल्याला न्हाऊमाखू घातले, तेव्हा आपल्याला तरी तिचे नाव कुठे ठाऊक होते?

या आजारावर संशोधनही हवेच. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या अभ्यासात नोत्र दाम संस्थेच्या ६७८ धर्मभगिनींनी मृत्यूनंतर आपला मेंदू देण्याचे कबूल केले. ते दान मोठे, कारण ते मागून, विचारून घेतलेले होते.

आपल्या घरातही विचारणे राहून जाते. पुढे कुठे राहायला आवडेल, कोणी सांभाळावे, कोणते उपचार नकोत, हे म्हाताऱ्यांना त्यांची स्मृती शाबूत असतानाच विचारू या. नंतर निर्णय आपण घेऊ. पण तो त्यांचा असणार नाही.