पगारातले दोनशे रुपये

माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हे पैसे कशासाठी, असे ऑफिसात विचारले, तर कुणालाच सांगता आले नाही. १९७५ सालचा हा कर रोजगार हमी योजनेसाठी बसवलेला आहे. शहरात पगार घेणाऱ्याने गावातल्या रिकाम्या हातांच्या मजुरीला हातभार लावायचा, इतका साधा विचार त्यामागे होता. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली होती. त्यानंतर, १९७७ साली, मागेल त्याला काम हा महाराष्ट्राने कायद्याने हक्क केला. मला त्या कायद्याचा आजही अभिमान वाटतो.

पण त्या दुष्काळात सगळेच गावाला धरून राहिले नाहीत. कितीतरी भूमिहीन कुटुंबे पुण्याला आली आणि पर्वतीच्या उतारावर, ओढ्या-कालव्यांच्या कडेला टेकली. त्यांतल्या अनेक बायका, बहुतेक दलित, कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. गावच्या गरिबीचे खाते जिल्हा परिषदेकडे, शहराच्या गरिबीचे महापालिकेकडे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. एसटीतून उतरलेली बाई मात्र तीच असते.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी आठला मावशी येतात. ढकलगाडीला दोन्ही बाजूंनी पोती लटकवलेली. ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्यात. मग त्या फुटपाथवर बसून सुका पुन्हा निवडतात: दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, पातळ प्लास्टिक वेगळे. कागदात गुंडाळून ओळखीसाठी लाल ठिपका न लावलेला सॅनिटरी पॅड हाताला लागला की क्षणभर थांबतात, हात पुसतात, पुढचे उचलतात. ही निवड केवळ सवयीने येत नाही. कोणत्या मालाला भंगारात काय भाव आहे, हे त्यांना बोट लावताच कळते.

या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पहिली मागणी ओळखपत्राची होती, कारण पोती घेऊन फिरणारी बाई पोलिसाला चोर दिसे. महापालिकेने ते ओळखपत्र मान्य केले, पुढे आरोग्य विम्याचा हप्ताही भरला. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. घरे शुल्क देतात. वस्त्यांमध्ये ते कमी, आणि तिथला काही भार पालिका उचलते. नगरपालिकांच्या कामांत शहरी गरिबी हटवणे हेही एक काम म्हणून ७४व्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले आहे. ते कलम पुण्यात मला सर्वांत खरे दिसते ते या ढकलगाडीपाशी. गरिबाला लाभार्थी म्हणून रांगेत उभे करायला खूप योजना आहेत; त्याच्या चालू कामाची नोंद आपल्या वहीत करून घ्यायला मात्र पालिकेला फार धीर लागतो.

तोच धीर वस्त्यांबाबत कमी पडतो. झोपडपट्टी ‘घोषित’ असेल तर नळ, गटार, संडास मागता येतो. ‘अघोषित’ असेल तर तेच मागणे उपकारासारखे करावे लागते. दोन्हीकडे पाऊस सारखाच आत येतो. त्यातही मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. बंगल्यातल्या माणसाला फोन करून अधिकारी भेटतो. वस्तीतल्या बाईला नगरसेवकाचे कार्यालय हीच काय ती पायरी असते, आणि तीच नव्हती.

शहराच्या कडेची गोष्ट याहून बिकट. नव्वदच्या दशकापासून आमचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये ही गावे पालिकेत घेतली, पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हद्द कागदावर हलली, ढीग जागेवरच राहिला.

२०२०च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला. पुढे काही काळ काम नुसत्या मुदतवाढींवर चालले, आणि मोठ्या ठेकेदारांच्या गाड्या येणार अशी चर्चा रोज कानावर येई. अशाच एका सकाळी मावशींनी विचारले, “पेपरात आलंय का हो काही, आमच्या कराराचं?” मी तिथेच उभ्याने पाने उलटली. काही आले नव्हते. त्यांनी मान हलवली आणि आमच्या मजल्याची ओली बादली गाडीत रिकामी केली.