फावडे घेऊन आलेला पाहुणा

(शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ३, लूक, अध्याय १३, वचने १ ते ५)



यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधिला गेला, तेव्हा कोणी कोणता भाग बांधिला ह्याची यादी नहेम्याने लिहून ठेविली आहे. हा अध्याय मंडळीत वाचावयास घेतला म्हणजे पुष्कळांस जांभया येतात, कारण त्यात नावांवाचून दुसरे काही नाही असे वाटते. परंतु ती यादी सावकाश वाचा. तीत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, आणि एक अधिकारी तर आपल्या मुलींस घेऊन कामावर आला आहे. तकोवा गावाविषयी लिहिताना मात्र नहेम्या जाता जाता सांगतो की, तेथील लोकांनी काम केले, परंतु त्यांच्यातील सरदारांनी आपली मान त्या कामाखाली वाकविली नाही. ते का आले नाहीत हे त्याने लिहिले नाही. लिहावयास पाहिजे होते असेही नाही. असले सरदार प्रत्येक गावात आहेत.

आता ह्याच्या उलट मासल्याचा एक मनुष्य पाहू. पिएर सेरेसोल हे १८७९ साली स्वित्झर्लंड देशात जन्मले. त्यांचे वडील त्या देशाचे अध्यक्ष होऊन गेलेले. हे स्वतः शिकलेले इंजिनिअर. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली फ्रान्सातील वेर्दुन शहराजवळ एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात ते काही सोबत्यांसह गेले, आणि तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे बुजविणे, दगडमाती उपसणे, निवारे उभारणे हे काम त्यांनी हाती घेतले. त्या टोळीत जर्मन माणसेही होती. ज्यांच्या सैन्याने ते खेडे भाजून काढिले त्यांच्याच देशाचे हात तेथे माती उचलू लागले. सर्वांस ते रुचले नाही, आणि काही महिन्यांनी काम सोडून त्यांस निघावे लागले. परंतु त्यातूनच परदेशी जाऊन बिनमजुरी अंगमेहनत करणाऱ्या स्वयंसेवकांची एक संस्था निघाली. पुढे १९२८ साली लिखटेनस्टाइन ह्या चिमुकल्या देशात ऱ्हाइन नदीच्या पुराने शेतांवर आणून टाकिलेला गाळ काढावयास अनेक देशांतील शेकडो तरुण जमले.

ह्या कामाचा प्रवाह आपल्या देशापर्यंत आला तो १९३४ साली. त्या वर्षी १५ जानेवारीस दुपारी बिहारात भूकंप झाला. मुंगेर व मुजफ्फरपूर ही शहरे ढासळली, सात हजारांवर माणसे मेली, जमिनीला भेगा पडून आतून वाळू व पाणी वर आले, विहिरी वाळूने भरल्या आणि शेते झाकली गेली. त्या वेळी हा भूकंप कोणत्या पापाचे फळ, असा वाद देशातील थोर पुरुषांत चालला होता. शिलोहातील बुरूज पडून मेलेल्या माणसांविषयी प्रभूसही लोकांनी असेच काही विचारावयाचे मनात धरिले होते. त्याने काय उत्तर दिले ते तुम्ही लूकाच्या शुभवर्तमानात पाहा. सेरेसोल ह्यांनी त्या वादात वेळ घालविला नाही. पंचावन्नाव्या वर्षी ते समुद्र ओलांडून आले, बाबू राजेंद्रप्रसाद ह्यांच्या मदत समितीस भेटले, आणि पुढे मोजके युरोपी सोबती घेऊन १९३७ पर्यंत मुजफ्फरपूर जिल्ह्यात राबले. नद्यांची पात्रे वाळूने उथळ होऊन खालच्या वस्त्यांत पाणी शिरत असे. त्या वस्त्या उचलून उंच जागी वसवावयाच्या होत्या. जागा आखणे, भराव घालणे, घरे उभी करणे, असा त्यांचा दिनक्रम.

पाहुण्याने फावडे धरिले तर गावकरी प्रथम हसतो, मग लाजतो, आणि नंतर ते त्याच्या हातून काढून घ्यावयास धावतो. फावडे न सोडता गावकऱ्यास शेजारी उभे करणे, हे कौशल्य मात्र इंजिनिअरीच्या शाळेत शिकवीत नाहीत. साहेबाने करावे आणि आपण पाहावे, ही सवय आपल्या मंडळ्यांसही फार दिवसांची आहे. शाळेचे छप्पर गळू लागले म्हणजे आपण वर न चढता मिशनकडे अर्ज लिहितो.

परंतु येथे एक गोष्ट उपदेशकांनी सांभाळून बोलावी. आपल्यातील पुष्कळांच्या वाडवडिलांनी गावची वेठ उपसली आहे. पाटलाने हाक मारली की मजुरीची गोष्ट न काढता धावावे, ओझे न्यावे, मेलेले ढोर ओढावे, हे ज्यांनी सोसले त्यांच्या नातवास घमेले पाहताच जर राग आला, तर त्यास आळशी म्हणू नये. त्याचा राग खरा आहे. त्यास इतकेच दाखवावे की, वेठीत मनुष्यास नाही म्हणावयाची मोकळीक नसते. ह्या स्वयंसेवकांस ती पूर्ण होती, आणि तरी ते आले. ज्याला नाही म्हणता येते त्याचेच होय म्हणणे मोलाचे. सरदारांस ती मोकळीक होती, तिचा त्यांनी काय उपयोग केला हे नहेम्याने लिहिलेच आहे. गावच्या साध्या लोकांनी मात्र आपला वाटा पुरा करून पुढे कोटाचा दुसराही एक भाग बांधिला. सत्ताविसावे वचन पाहा.

आता आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट. वरोऱ्याजवळ खडकाळ माळावर बाबा आमटे ह्यांनी १९५१ साली महारोग्यांसाठी आनंदवन वसविले. ते ख्रिस्ती मिशनचे स्थान नव्हे. पण जखमी वाटसरूस उचलून नेणारा शोमरोनी तरी कोणत्या मंडळीचा सभासद होता? रोग्यांनी आपल्या झडलेल्या बोटांनी विहीर खणली, भाजीपाला पिकविला, आणि तो खाऊन उरू लागला. विकत मात्र कोणी घेईना. महारोग भाजीतून लागत नाही, आणि १९८१ पासून सुचविलेल्या संयुक्त औषधोपचाराने तो बराही होतो. परंतु त्या काळी लोकांस भय होते, आणि भयापुढे ज्ञानाचे फारसे चालत नाही.

१९५४ साली सेरेसोल ह्यांनी काढिलेल्या त्याच संस्थेचे स्वयंसेवक निरनिराळ्या देशांतून तेथे आले. सेरेसोल १९४५ सालीच वारले होते. ह्या तरुणांनी काही महिने राहून दवाखान्याच्या इमारती बांधिल्या. त्या इमारतींची स्तुती पुष्कळांनी केली असेल. परंतु वरोऱ्याच्या लोकांचे लक्ष दुसरीकडे गेले. ही दूरदेशची माणसे रोग्यांच्या बरोबरीने राबत, तेथेच राहत, आणि रोग्यांनी पिकविलेली भाजी रोज खात. कोणी व्याख्यान दिले नाही. लोकांनी हे काही दिवस पाहिले, आणि मग आनंदवनाची भाजी वरोऱ्यात विकली जाऊ लागली.