सप्तपदीचे पहिले पाऊल



कर्करोगातून उठलेल्या गृहस्थाने सपत्नीक प्रवास करावा, रुचीने जेवावे, हे कित्येकांस खटकते. ‘देवाने वाचविले, आता उपासतापास करा, जिलबी कसली खाता?’ असे बोल येथे इंदुरात माझ्या कानी आले आहेत. परंतु सप्तपदीचे पहिले पाऊल अन्नासाठी व दुसरे बळासाठी असते, हे आपण अक्षता टाकताच विसरतो काय? तैत्तिरीय उपनिषदातील भृगूलाही ब्रह्म प्रथम अन्नरूपानेच उमगले.

घशावर किरणोपचार झाले म्हणजे लाळ आटते, चव जाते. ती परतण्यास महिनेच्या महिने लागतात. अशा पतीला पोह्यांवरच्या लिंबाची आंबट चव पुन्हा कळावी, आणि नेमके तेव्हाच पत्नीने नवसाचा उपास धरून दूर बसावे, हे मला धर्मसंगत वाटत नाही. मुळीच न जेवणाऱ्यास योग साधत नाही, असे गीतेचा सहावा अध्यायच सांगतो. नवस अन्नदानानेही फेडता येतो, असे माझे वडील यजमानांस सांगत असतात.

तंबाखूस मात्र पुन्हा शिवू नये. पुढील तपासणीची धास्ती मनात राहणारच. तिची तारीख सांभाळून प्रवास आखावा. महेश्वर इंदुराहून अवघे 90 किलोमीटर. पहाटे निघावे, नर्मदेच्या घाटावर शिदोरी सोडावी, नैवेद्य दाखवावा आणि दोघांनी बरोबरच जेवावे.