नाकारलेला अर्ज

एका मनुष्याने दुसऱ्यापाशी काही मागावे आणि दुसऱ्याने ते नाकारावे, यात नीतिशास्त्राने गुंतावे असे फारसे काही नाही. देणारा आपल्या मालकीचे देत असतो. त्याने दिले नाही तर फार तर तो कृपण ठरेल, अन्यायी ठरणार नाही. परंतु मागणारा नागरिक असेल, देणारे राज्य असेल, आणि जे द्यावयाचे ते कायद्याने आधीच कबूल केलेले असेल, तर नकाराचे स्वरूप पालटते. मग तो धनको आणि ऋणको यांच्यातील हिशेबासारखा होतो. देणे लागत नाही असे म्हणणाऱ्याने ते का लागत नाही हे दाखवावे लागते. दिव्यांगांस मिळणारे शासकीय साहाय्य आणि त्याचे नाकारलेले अर्ज यांचा विचार आम्ही या दृष्टीने करू इच्छितो. कारण आपल्या सुशिक्षित घरांतूनही या साहाय्याकडे अद्याप दानधर्म म्हणूनच पाहिले जाते.

या समजुतीच्या खुणा आपल्या भाषेतही सापडतात. तहसील कचेरीतील अर्जाचा प्रारंभ 'मे. तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी' असा करण्याची चाल जुनी आहे, आणि त्यातील 'मे.' म्हणजे मेहेरबान. मागणारा अशा रीतीने पहिल्याच ओळीत आपला हक्क सोडून मेहेरबानीच्या आसऱ्यास जातो. पुढे नकार आला म्हणजे मेहेरबानी झाली नाही, एवढेच समजून तो घरी बसतो. पूर्वी 'अपंग' म्हणत, आता 'दिव्यांग' म्हणतात. परंतु शब्द पालटल्याने खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मनुष्य यांचे नाते पालटतेच असे नाही.

वास्तविक दुर्बलांचा भार राज्याने उचलावा हा विचार आपल्याकडे नवा नाही. बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, संकटात सापडलेले आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. आमच्या अंबरनाथ पूर्वेतील शिवालयाचा शिलालेख शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. तो शिलाहारांचा काळ. त्या काळी कोकणात राजाने दान दिले की ते दगडावर कोरून ठेवीत, वर चंद्रसूर्य काढीत आणि दान मोडणाऱ्यास खाली शिवी घालीत. असे दगड गधेगाळ या नावाने आजही कोकणात आढळतात. तात्पर्य, राजाचे दानसुद्धा एकदा शिळेवर चढले म्हणजे त्याच्या किंवा त्याच्या कारकुनाच्या लहरीवर अवलंबून राहत नसे. संसदेचा कायदा हा आजचा शिलालेख होय, आणि त्याचा मान त्याहून कमी असण्याचे काहीच कारण नाही.

हा आधुनिक शिलालेख काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. तिचे अनुदान 2023 साली दरमहा 1,500 रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये करण्यात आले. 1995 च्या केंद्रीय कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांस इतरांहून निदान 25 टक्के अधिक साहाय्य असावे असे कलम 24 मध्ये म्हटले. या कायद्याचे नावच मुळी 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' असे आहे. त्यात मेहेरबानी हा शब्द कोठेही नाही.

परंतु हक्क दिला की त्याची सीमाही ठरवावी लागते. ती 40 टक्क्यांवर ठरली आहे. सीमा कोठे तरी असणारच, याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न असा आहे की, हे टक्के कशाचे? 1923 सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात अवयवांचे एक कोष्टक होते. अंगठा गेला तर 30 टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के. ते टक्के कमावण्याच्या शक्तीच्या हानीचे होते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्के हे मुख्यतः शरीराच्या वा इंद्रियांच्या हानीचे असतात. गुडघा किती अंशांत वाकतो हे वैद्य मोजू शकतो. परंतु त्या गुडघ्याने अंबरनाथ स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या चढून गर्दीच्या लोकलमध्ये शिरता येते किंवा नाही, हे त्या मापात उतरत नाही.

उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करावी. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे यंत्रावर काम केलेला, कानसईच्या एखाद्या चाळीत राहणारा गृहस्थ. पायाच्या जुन्या दुखापतीमुळे त्याची हानी 30 टक्के भरली आणि कानाची 12 टक्के. दोहोंची बेरीज आपण 42 करू. परंतु शासकीय नियमाप्रमाणे दोन हानी सरळ मिळवीत नाहीत. मोठी हानी 90 मधून वजा करावयाची, उरलेल्या 60 ने लहान हानीस गुणावयाचे, 90 ने भागावयाचे आणि येणारे 8 मोठ्या हानीत मिळवावयाचे. उत्तर 38 येते, आणि ते सीमेच्या अलीकडेच राहते. या गणितात लबाडी नाही. अनेक व्याधींची बेरीज शंभराच्या पुढे जाऊ नये म्हणून ते रचलेले आहे. परंतु ज्याला पाय साथ देत नाही आणि मागून येणाऱ्या वाहनाचा आवाजही नीट ऐकू येत नाही, त्याच्या आयुष्यात या दोन उणिवा एकमेकींस कमी करीत नाहीत, उलट वाढवितात. शिवाय त्या गृहस्थाच्या हाती पडणाऱ्या कागदावर केवळ 38 हा आकडा असतो. त्यामागचे गणित त्याला कोणी समजावून सांगत नाही.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यास येतो. सीमा ओढणाऱ्या राज्यावर सीमेबाहेर राहिलेल्या मनुष्याचे एक ऋण असते. ते पैशाचे नसेल, परंतु कारणाचे निश्चित असते. त्याला का नाकारले हे त्याला समजेल अशा भाषेत लेखी सांगणे, आणि ते कारण चूक आहे असे म्हणण्याची खरीखुरी संधी त्याला देणे, एवढे राज्याने केलेच पाहिजे. कायद्यालाही हे मान्य आहे. प्रमाणपत्र नाकारल्यास कारण लेखी कळवावे असे 2017 च्या नियमांत आहे, आणि प्रमाणपत्रासंबंधीच्या निर्णयावर अपील करण्याचा अधिकार कलम 59 ने दिला आहे. याचा अर्थ असा की, अपील करणे हा उद्धटपणा नव्हे. पहिला अर्ज ज्या हक्काने केला, त्याच हक्काचे ते दुसरे पाऊल आहे.

यावर आक्षेप येईल की, खोटी प्रमाणपत्रे काय थोडी निघतात? 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि पुढे केंद्र शासनाने त्या व्यक्तीस सेवेतून मुक्त केले, हे वाचकांस आठवत असेल. आक्षेप खरा आहे, परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष तपासून घ्यावयास हवा. अशा कामात चुका दोन प्रकारच्या होतात. अपात्रास दिले जाते ही एक, आणि पात्रास नाकारले जाते ही दुसरी. पहिलीचा भार सर्व करदात्यांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्यास कवडीही येत नाही. दुसरीचा संपूर्ण भार एकाच घरावर पडतो, आणि तेही ज्याला तो सोसवत नाही अशा घरावर. फौजदारी न्यायालयात अपराधी सुटला तरी चालेल, परंतु निरपराध्यास शिक्षा होऊ नये, असे आपण अभिमानाने म्हणतो. तहसील कचेरीच्या दारात मात्र हे तत्त्व आपण उलटे करून घेतो, आणि तसे का केले हे कोणी विचारीतही नाही.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत बोधक आहे. तेथे 2013 साली दिव्यांगांच्या भत्त्याची नवी पद्धत सुरू झाली. तिच्या निर्णयांविरुद्ध जी प्रकरणे लवादापुढे सुनावणीस आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत निकाल अर्जदाराच्या बाजूने फिरला, असे तेथील शासनाचेच आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. जे लवादापर्यंत गेलेच नाहीत, त्यांच्यापैकी कितीजणांचे म्हणणे खरे होते हे कधीच कळावयाचे नाही. नकारानंतरची शांतता म्हणजे नकार योग्य असल्याचा पुरावा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2024 साली महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात असाच विचार मांडला. वाचेच्या दिव्यांगत्वाचे प्रमाण 40 टक्क्यांच्या पुढे गेले म्हणून त्याला वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविले होते. केवळ आकड्यावरून कोणास अपात्र ठरविता येणार नाही. त्या दिव्यांगत्वामुळे अभ्यासक्रमात प्रत्यक्ष अडथळा येतो किंवा नाही हे मंडळाने पाहावे आणि कारणे द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. विशेष असे की, ज्या आकड्याने मनुष्य साहाय्यास पात्र होतो, त्याच आकड्याने येथे तो शिक्षणास अपात्र होत होता. आकडा सोयीसाठी असतो. त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसविले की असे होते.

आता घरातल्या माणसांविषयी. दिव्यांग मनुष्य दिवसभर आपली उणीव झाकीत असतो. पाय दुखत असला तरी 'काही नाही' म्हणतो. अर्ज करताना मात्र त्याला तीच उणीव परक्यांपुढे शब्दाशब्दाने मांडावी लागते आणि अपिलात ती दुसऱ्यांदा मांडावी लागते. मग घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. अडीच हजारांसाठी किती हेलपाटे घालायचे?' या सल्ल्यात माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या मायेने अन्यायास सोबत केली, असेही होते. स्वाभिमान न मागण्यात आहे, असे आपण मानीत आलो. हक्काच्या बाबतीत तो कारण विचारण्यात आहे.

सुशिक्षितांस येथे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सोपे आहे. नकार वैद्यकीय कारणाने आला की उत्पन्नाच्या अटीने, हे प्रथम कागदावरून पाहावे. कारण दोहोंची दाद मागण्याची ठिकाणे निराळी आहेत. कारण लेखी नसेल तर ते लेखी मागावे. अपिलाची मुदत विचारून घ्यावी. दिव्यांग व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे, हे कितीजणांस ठाऊक आहे? आपल्या आळीतील एखाद्याचे अपील नीट मराठीत लिहून देणे, आणि त्याच्या प्रारंभी 'मेहेरबान' न लिहिता कलमाचा आकडा लिहिणे, हे काम पदवीधराच्या हातून तासाभरात होण्यासारखे आहे.

अपील करूनही 38 चे 40 होतीलच असे आम्ही म्हणत नाही. कधी कधी नकारच योग्य असेल. परंतु योग्य नकारही सकारण असावा, आणि ते कारण मोकळेपणी विचारता यावे. तेवढे झाले तर खिडकीवरून परतणारा मनुष्य रिकाम्या हाताने गेला तरी नागरिक म्हणून परत जाईल. आज पुष्कळजण याचक म्हणून परततात, आणि ही उणीव कोणत्याही टक्क्यांत मोजली जात नाही.